भाकर आणि प्याला : बोहेमियातील एका पंक्तिभेदाची कथा

ख्रिस्ती मंदिरातील भाकर आणि द्राक्षारस या विषयावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही ख्रिस्ती नव्हे, धर्मशास्त्राचे पंडित तर नव्हेच. आमची शाळा आठवीला सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या फाडून झाल्यावर. पण या भाकरीच्या आणि प्याल्याच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते वाचताना आम्हाला आपल्याच धंद्याची वही चाळल्यासारखे वाटले. मध्य युरोपातील बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील मोठा भाग. तेथील शेतकरी, कारागीर, सरदार आणि विद्यापीठातले पंडित सुमारे पंधरा वर्षे साऱ्या युरोपाशी लढले, आणि त्यांच्या निशाणावर चित्र होते एका प्याल्याचे.

प्रथम मूळ विधी काय तो पाहू. येशूला क्रूसावर दिले त्याच्या आदल्या रात्री तो यरुशलेमेत आपल्या शिष्यांबरोबर जेवायला बसला. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचे ते दिवस होते. त्याने भाकर घेऊन ईश्वराचे आभार मानले, ती मोडली आणि ती आपले शरीर आहे असे म्हणून शिष्यांना दिली. मग प्याला घेतला, ते आपले रक्त आहे असे सांगून तो सर्वांत फिरवला, आणि आपल्या आठवणीसाठी असेच करीत राहण्यास सांगितले. मराठी बायबलात ‘भाकर’ असाच शब्द आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो; प्रत्यक्षात ती गव्हाची. आणि द्राक्षारस म्हटल्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. भूमध्य समुद्राच्या काठी भाकर आणि द्राक्षारस ही साध्या माणसाच्या ताटातली रोजची जोडी होती. येशूने दुर्मीळ असे काही उचलले नाही. समोर जे होते तेच उचलले.

या भोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख आहे तो पौलाने करिंथ शहरातील मंडळीला इ.स. 54 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात. हा उल्लेख कशाच्या ओघात आला हे पाहण्यासारखे आहे. तो आला भांडणाच्या ओघात. करिंथकर एकत्र जमत, पण ज्यांच्या घरी भरपूर होते ते आधीच जेवून घेत, कोणी पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्यापाशी काही नव्हते ते उपाशी राहत. पौलाने त्यांना खडसावले की याला प्रभूचे भोजन म्हणत नाहीत, एकमेकांसाठी थांबा. म्हणजे या विधीची पहिली लेखी नोंद हीच मुळी पंक्तिभेदाविरुद्धची तक्रार आहे. आपल्याकडे पंक्तिभेद हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पहिली हजार-अकराशे वर्षे भाकर आणि प्याला दोन्ही सर्वांना मिळत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती आजही मिळतात. तेथे द्राक्षारसात भिजलेली भाकर चमच्याने देतात. पश्चिमेकडील, म्हणजे रोमच्या चर्चमध्ये मात्र बाराव्या-तेराव्या शतकांत सामान्य भाविकांचा प्याला हळूहळू बंद होत गेला. एका दिवसात कोणी हुकूम काढला असे झाले नाही. कारणे व्यवहाराची सांगितली गेली : गर्दीत प्याला सांडेल, पवित्र रक्ताचा अपमान होईल, पुरुषांच्या दाढीमिशांना थेंब लागतील. चषक धर्मगुरूपुरता उरला. 1215 साली रोममधील लॅटरन परिषदेने दोन गोष्टी ठरवल्या. भाकर आणि द्राक्षारस यांचे अंतस्तत्त्व पालटून ती खरोखर ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात, रंग-चव मात्र पूर्वीची राहते, ही शिकवण तिने अधिकृत केली. आणि प्रत्येक भाविकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, हा प्रसाद घेतलाच पाहिजे असे बंधन घातले. पुष्कळ जण त्या एकदाच घेत. एरवी धर्मगुरू पवित्र भाकर दोन्ही हातांनी उंच धरी, आणि लोक ती दुरून डोळे भरून पाहत.

प्याला काढून घेण्यामागे नुसती लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. थॉमस अक्वायनस याच्यासारख्या मोठ्या पंडिताने तिला आधार दिला तो असा : जिवंत शरीर आणि त्याचे रक्त वेगळे नसते, म्हणून भाकरीच्या एका कणातही ख्रिस्त पुरता आहे, आणि ज्याला भाकर मिळाली त्याचे काहीच कमी झाले नाही. तर्क म्हणून हा पक्का आहे. मग धर्मगुरूला तरी प्याला कशाला, असे विचारले तर उत्तर येई की तो यज्ञ करतो आणि यज्ञाला दोन्ही लागतात. हेही सुसंगत आहे. पण ज्याला मिळत नाही त्याच्या बाजूने पाहिले म्हणजे तर्क वेगळा दिसतो. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात वरच्या लोकांना चहा चिनी मातीच्या कपांतून येई आणि कामगारांना जर्मनच्या पेल्यांतून. चहा एकाच पातेल्यातला. व्यवस्थापक म्हणत, चहा तोच आहे ना, मग तक्रार कसली? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तक्रार चहाची नव्हतीच.

आता बोहेमियाकडे वळू. चौथा चार्ल्स या राजाने 1348 साली प्रागमध्ये विद्यापीठ स्थापले. 1391 साली शहरात बेथलेहेम नावाचे प्रार्थनागृह उभे राहिले. तेथे लॅटिनऐवजी चेक भाषेत प्रवचन व्हावे असा नियमच होता. भिंतींच्या आत सुमारे तीन हजार माणसे मावत. 1402 पासून तेथे बोलू लागला यान हुस, विद्यापीठातला शिक्षक. बोहेमियातील जमिनीचा फार मोठा हिस्सा त्या काळी चर्चच्या ताब्यात होता, आणि पापमुक्तीची पत्रे पैसे घेऊन विकली जात होती. हुस या दोहोंवर तुटून पडला. पुष्कळांची समजूत अशी की सामान्यांना प्याला द्यावा ही चळवळ त्याने सुरू केली. तसे नाही. ती सुरू केली याकोउबेक नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने, 1414 च्या शरद ऋतूत, हुस प्रागमध्ये नसताना. हुस तेव्हा कॉन्स्टन्स येथील धर्मपरिषदेपुढे उभा राहण्यासाठी गेला होता. सिगिस्मुंड राजाने त्याला अभयपत्र दिले होते. अभयपत्र असूनही तो तुरुंगात पडला. तेथूनच त्याने पत्र लिहून बेथलेहेममधील धर्मगुरूला कळवले की प्याल्याला विरोध करू नकोस.

परिषदेने 15 जून 1415 रोजी या प्रश्नावर निर्णय दिला. त्या निर्णयाचा आशय आमच्या श्रोत्यांनी नीट लक्षात घ्यावा. ख्रिस्ताने भाकर आणि द्राक्षारस ही दोन्ही दिली, हे निर्णयात कबूल आहे. आरंभीच्या चर्चमध्ये भाविकांना दोन्ही मिळत होती, हेही कबूल आहे. तथापि पुढे योग्य कारणांनी रूढी पडली की सामान्यांनी केवळ भाकर घ्यावी. ती रूढी आता कायदा समजावी, आणि जो धर्मगुरू लोकांना प्याला देईल त्याला शिक्षा व्हावी! करारात हक्क लिहिलेला आहे हे मान्य, पूर्वी तो मिळत होता हेही मान्य, पण मधल्या काळात पडलेला प्रघात मोडता येणार नाही. श्रोतेहो, असला जबाब आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर किती वेळा ऐकला आहे याची मोजदाद नाही.

तीन आठवड्यांनी, 6 जुलै 1415 रोजी, हुसला जिवंत जाळले आणि त्याची राख ऱ्हाइन नदीत टाकली. बोहेमिया व मोराविया येथील 452 सरदारांनी आपल्या मुद्रा उमटवून निषेधाचे पत्र परिषदेला पाठवले. 1417 साली प्राग विद्यापीठाने जाहीर केले की दोन्ही रूपांत प्रसाद देणे योग्य आहे. याकोउबेकच्या पक्षाने तान्ह्या मुलांनाही प्रसाद द्यायला सुरुवात केली. ज्यांना अक्षर येत नव्हते, ज्यांनी अक्वायनसचे नावही ऐकले नव्हते, त्यांना प्याल्याची भाषा कळली. चर्चचा धर्मगुरू आणि मी या दोघांत देवाने फरक केलेला नाही, हे सांगायला त्यांना पुस्तक लागले नाही. जे भांडे आजवर एकाच हातात होते ते दुसऱ्या हातात आले, एवढे पुरे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बोहेमियात गरिबाचे पेय बिअर. द्राक्षे तेथे कष्टाने लावावी लागत. द्राक्षारस हे वरच्यांचे पेय. तेव्हा येशूच्या ताटात जे साधे होते ते प्रागच्या चांभाराला दुर्मीळ होते. आपल्याकडील वाचकाला प्रश्न पडेल, एकाच प्याल्याला इतक्यांचे ओठ, मग उष्ट्याचे काय? आम्हाला वाटते, ज्याला जग उष्टे देत आले त्याला समान प्याल्याचे उष्टे लागत नाही.

30 जुलै 1419 रोजी यान झेलिव्स्की या धर्मगुरूच्या मागे प्रागमधील गरिबांची मिरवणूक नव्या शहराच्या नगरभवनावर गेली. धरलेल्या साथीदारांना सोडा, ही मागणी. शेवट असा झाला की नगरसेवकांना खिडकीतून खाली फेकण्यात आले. पंधरा दिवसांनी राजा वेन्सेस्लास वारला, आणि गादीवर हक्क आला सिगिस्मुंडचा. अभयपत्र देऊन ते न पाळणारा तोच हा राजा. चेक लोकांनी त्याला आत येऊ द्यायचे नाही असे ठरवले, आणि 1420 च्या मार्चमध्ये पोपने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले.

त्याआधीच खेड्यापाड्यांतले लोक डोंगरांवर जमू लागले होते. गावात प्याला मिळत नाही तर डोंगरावर मिळतो. तेथे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत, आणलेले अन्न वाटून खात. बायबलातील डोंगराच्या नावावरून त्यांनी एका टेकडीला ताबोर म्हटले, आणि 1420 च्या वसंतात दक्षिण बोहेमियात याच नावाचे शहर वसवले. घरदार विकून लोक तेथे आले. पैसे टाकण्यासाठी रस्त्यात मोठे लाकडी हौद ठेवले होते. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने त्यात टाकायचे आणि प्रत्येकाला गरजेप्रमाणे मिळायचे. माझे-तुझे म्हणणे पाप. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला हे वाचून हुरूप येणारच. पण तेच इतिवृत्त आणखी थोडे पुढे वाचावे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ताबोरचे लोक आपल्या ताब्यातील शेतकऱ्यांकडून खंड वसूल करू लागले होते. काही महिन्यांपूर्वी त्याच शेतकऱ्यांना सांगितले होते की आता धनी नाहीत, खंड नाहीत. हौदात पैसे टाकणारे संपले होते आणि फौजेला दाणा हवा होता.

ही फौज उभारली यान झिश्का या एका डोळ्याच्या लढवय्याने. शेतकऱ्यांच्या मालगाड्यांना फळ्या ठोकून, त्या साखळ्यांनी जोडून त्याने हलते किल्ले केले. मळणीची दांडकी हत्यारे झाली. 14 जुलै 1420 ला प्रागबाहेरच्या व्हिट्कोव्ह टेकडीवर मूठभर माणसांनी सिगिस्मुंडची धडक परतवली. पुढच्या वर्षी झिश्काचा दुसराही डोळा गेला, तरी तो 1424 साली मरेपर्यंत हरला नाही. युद्धाचे वर्णन यापेक्षा लांबवत नाही. हुसपंथीयांच्या चार मागण्या मात्र सांगितल्या पाहिजेत : देवाच्या वचनाचा मोकळा प्रचार; सर्व भाविकांना दोन्ही रूपांत प्रसाद; धर्मगुरूंच्या हातून जमीन-जुमला व ऐहिक सत्ता काढून घेणे; आणि उघड पाप करणाऱ्याला, मग तो धर्मगुरू असो वा सरदार, शिक्षा. चारही मागण्या 1420 साली एका जुडीने बांधलेल्या होत्या. त्यांची पुढे कशी फाटाफूट झाली, तिकडे लक्ष असू द्यावे.

त्याआधी ताबोरमधल्या एका माणसाची हकीकत. मार्टिन हुस्का हा तेथला बोलका धर्मगुरू. तो प्याल्याच्याही पुढे गेला. तो म्हणे, भाकर ही भाकरच आहे. तिच्यापुढे गुडघे टेकू नका. ख्रिस्त भाकरीत शोधू नका. एकत्र बसून पोटभर जेवा आणि प्रेमाने त्याची आठवण काढा. करिंथच्या पत्राला हाच सर्वांत जवळचा माणूस, असे आमचे मत. पण हे मत ताबोरला झेपले नाही. हुस्काच्या लोकांना शहराबाहेर घालवले. त्यांपैकी सुमारे पन्नास जणांना झिश्काने 1421 साली जाळले. खुद्द हुस्काला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छळ करून जाळण्यात आले. ज्यांचा गुरू अग्नीत गेला होता त्यांनी सहा वर्षांत स्वतः चिता रचली. प्याला सर्वांसाठी, पण त्याचा अर्थ आम्ही सांगू तोच! झिश्काचे पुतळे चेक देशात पुष्कळ आहेत. हुस्काचे नाव येथे किती जणांनी ऐकले असेल?

1431 च्या ऑगस्टमध्ये डोमाझ्लित्से येथे धर्मयोद्ध्यांची शेवटची मोठी फौज गाड्यांची घरघर आणि हुसपंथीयांचे गाणे ऐकूनच पळत सुटली. लढाईने काम होत नाही असे पाहून चर्चने बोलणी सुरू केली. 1433 च्या आरंभी ताबोरचा सेनापती प्रोकोप आणि प्रागचा धर्मपंडित रोकित्साना हे बाझल येथील परिषदेपुढे जाऊन बसले, आणि रोकित्सानाने प्याल्याची बाजू मांडली. अठरा वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर चर्चा न करता हुकूम निघाला होता, त्याच प्रश्नावर चर्चला पाखंड्यांशी बरोबरीने वाद करावा लागला. आमच्या भाषेत सांगायचे तर युनियनला मान्यता मिळाली. ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे तडजोड झाली. प्याला बोहेमिया व मोरावियापुरता मान्य. देताना धर्मगुरूने सांगायचे की ख्रिस्त प्रत्येक रूपात पुरताच असतो. बाकीच्या तीन मागण्या अशा शब्दांत बसवल्या की त्यांचा दात उरला नाही. चर्चच्या जमिनींचे काय? त्यांतल्या पुष्कळ सरदारांनी युद्धाच्या धामधुमीत आधीच बळकावल्या होत्या. त्यांना आता शांतता हवी होती. ताबोर ही तडजोड मान्य करीना, तेव्हा प्यालावाल्या सरदारांनीच रोमच्या पक्षाच्या सरदारांशी हात मिळवला आणि 30 मे 1434 रोजी लिपानी येथे प्रोकोपची फौज बुडवली. प्रोकोप पडला. शरण आलेल्या कित्येकांना धान्याच्या कोठारांत कोंडून आग लावली. 5 जुलै 1436 रोजी यिहलावा शहरात करार समारंभाने जाहीर झाला. त्या वेळी सिगिस्मुंड हजर होता.

या तडजोडीला कोणी फितुरी म्हणतील. आम्ही इतक्या घाईने म्हणणार नाही. चौथ्या दिवशी संप मोडणार हे दिसत असताना एक कलम पदरात पाडून घेणारा माणूस फितूर नसतो. पण कोणते कलम पदरात पडले आणि कोणते सुटले, हे मोकळेपणाने सभासदांना सांगावे लागते. मिळाले ते पंक्तीतले स्थान. सुटली ती जमीन.

नंतरचा इतिहास थोडक्यात. 1462 साली दुसऱ्या पायसने, म्हणजे त्या वेळच्या पोपने, करार रद्द ठरवला. तरी बोहेमियात प्याला चालूच राहिला. 1485 साली कुटना होरा येथे दोन्ही पक्षांत धर्मशांतीचा तह झाला. 1620 साली व्हाइट माउंटनच्या लढाईत चेक सरदार हॅब्सबर्ग सम्राटाकडून हरले, पुढच्या वर्षी 27 पुढाऱ्यांना प्रागच्या चौकात देहान्त शिक्षा झाली आणि सामान्यांचा प्याला पुन्हा बंद झाला. तीन पिढ्या, चार पिढ्या लोकांनी तो चोरून जपला. 1781 साली सहिष्णुतेचे फर्मान निघाले. रोमच्या चर्चने 1963 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, काही प्रसंगी सामान्यांनाही दोन्ही रूपांत प्रसाद देण्यास मोकळीक दिली. कॉन्स्टन्सच्या निर्णयाला तेव्हा 548 वर्षे झाली होती. 1999 च्या डिसेंबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद प्रकट केला. चेक प्रजासत्ताकात 6 जुलैला सार्वजनिक सुट्टी असते.

एक हकीकत उरली, आणि तिच्यासाठीच हे सारे वाचले असे म्हटले तरी चालेल. कुटना होरा हे चांदीच्या खाणींचे गाव. प्रागचे प्रसिद्ध ग्रॉशेन नाणे तेथे पडे, आणि राजाची तिजोरी त्यावर चाले. 1419 साली युद्ध पेटले तेव्हा तेथले खाणवाले बहुतेक जर्मन, रोमच्या बाजूचे, आणि राजाने दिलेल्या सवलतींना जपणारे. त्यांनी हुसपंथीयांना पकडून खाणींच्या खोल विवरांत लोटले. माणसे विकत घेतली जात. त्या काळचा इतिवृत्तकार लिहितो की साध्या माणसाला एक कोपा, म्हणजे साठ ग्रॉशेन मिळत, आणि धर्मगुरूला पाच कोपे. मारतानाही पंक्तिभेद होताच! राजाचा कामगार शेतकऱ्याला विवरात ढकलतो आणि दोघेही धर्मासाठी, हा देखावा आम्हाला लिपानीपेक्षा अधिक छळतो.

युद्धाने ते शहर पालटले. जुने जर्मन खाणवाले गेले, चेक आले, आणि तहाच्या काळापर्यंत कुटना होरा बहुतांशी प्यालावाल्यांचे झाले. खाणकामगारांची संरक्षक संत बार्बारा हिच्या भव्य मंदिराचे बांधकाम पुन्हा सुरू झाले होते. आता शहराचे शेठ आणि विवरातून वर येणारा मजूर एकाच चषकातून पीत होते. धर्मशांतीच्या तहाला दहा वर्षेही झाली नव्हती, तोच 1494 साली खाणकामगार अधिकाऱ्यांविरुद्ध उठले. त्यांनी काम टाकले आणि ते जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. दोन वर्षे हा तंटा धुमसत राहिला. मग त्यांच्या पुढाऱ्यांना पकडले, आणि 1496 साली पोदेब्रादी गावाबाहेर त्यांची डोकी उडवली. जेथे हे घडले तेथे पुढे एक लहान चर्च बांधले गेले. गावातले लोक आजही त्याला खाणवाल्यांचे चर्च म्हणतात.